मैत्रिणीच्या मसुद्यावर काय लिहावे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेखनाच्या तासाला आम्हाला जोड्या करून एकमेकांच्या निबंधांचे कच्चे मसुदे वाचायला आणि त्यांवर लेखी अभिप्राय द्यायला सांगतात. माझ्या जोडीला माझी जवळची मैत्रीण आहे. तिचा निबंध वाचून मी ‘छान झाला आहे, भाषा ओघवती आहे, फक्त काही ठिकाणी सुधारणेला वाव आहे’ असे लिहिले. सरांनी तो कागद मला परत दिला आणि म्हणाले, की हे वर्गातल्या कुठल्याही निबंधावर चिकटवता येईल. खरे तर मला तो निबंध फसल्यासारखा वाटला होता. पण नेमके काय फसले ते सांगता येईना, आणि तिला दुखवायचेही नव्हते. आता नव्याने काय लिहू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : सरांनी कागद परत केला हे तुमच्या मैत्रिणीच्या दृष्टीने चांगलेच झाले. ‘सुधारणेला वाव आहे’ असे लिहिले की लिहिणारा सुटतो, पण ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या हाती काहीच लागत नाही. वाव कुठे आहे, कसला आहे आणि तो तुम्हाला का जाणवला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. अर्थात ही चूक फक्त विद्यार्थीच करतात असे समजून खंतावू नका. अमेरिकेतील लेखनशिक्षणाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये याच विषयावर एक लेख लिहिला. त्यासाठी ३५ शिक्षकांनी मसुद्यांवर लिहिलेले शेरे तपासण्यात आले होते. बहुतेक शेरे इतके मोघम निघाले, की एका मसुद्यावरचे उचलून दुसऱ्यावर ठेवले असते तरी काही बिघडले नसते. तुमच्या सरांनी नेमके हेच तुम्हाला सांगितले आहे.

‘नेमके काय फसले ते सांगता येईना,’ असे तुम्ही लिहिता. ते सांगणे हेच आपले काम आहे असे तुम्ही गृहीत धरले आणि तिथेच अडलात. निबंधात काय दोष आहे याचे निदान करायला अनुभव लागतो आणि ते अनुभवी माणसांचेही चुकते. परंतु वाचताना तुमच्या स्वतःच्या मनात काय घडले हे सांगण्यासाठी तुमच्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोणी नाही. कुठल्या ओळीशी तुम्ही थांबलात, कुठले वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागले, कुठे लक्ष उडाले, कुठे पुढे काय होते याची उत्सुकता वाटली, हे सारे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुमच्या मैत्रिणीला ते कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. तिने निबंध लिहिला, पण तो पहिल्यांदा वाचण्याचा अनुभव तिला कधीच घेता येणार नाही, कारण वाक्यांमागचा अर्थ तिच्या मनात आधीपासूनच हजर असतो. कागदावर न उतरलेला दुवाही तिला दिसतो. म्हणून तिला तुमची गरज आहे. लेखनाचे अध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्येच आग्रहाने मांडले होते, की वाचकाने न्यायनिवाडा करण्यापेक्षा वाचताना आपल्या मनात काय काय चालले होते, ते क्रमाने लेखकाला सांगावे. मला स्वतःला अभिप्रायाविषयी याहून उपयोगी सल्ला आजवर मिळालेला नाही.

प्रत्यक्षात हे असे करा. पहिल्यांदा मसुदा वाचताना हातात पेन्सिल घेऊच नका. हातात पेन्सिल असली की ऱ्हस्व-दीर्घच आधी दिसतात आणि निबंध मात्र वाचायचा राहून जातो. वाचून झाल्यावर मसुदा पालथा ठेवा आणि हा निबंध तुमच्या मते काय सांगतो, ते स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहा. ही दोन वाक्ये मैत्रिणीला जशीच्या तशी द्यायची आहेत. तिला म्हणायचे होते एक आणि तुमच्यापर्यंत पोहोचले भलतेच, असे झाले असेल तर तिला ते इथेच कळेल, आणि त्यासाठी टीकेचा एक शब्दही खर्च करावा लागणार नाही. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि जिथे मनात काही हलले त्या जागी समासात फक्त एक बारीक रेघ मारा. मग त्या रेघांपैकी दोन किंवा तीन निवडून त्यांविषयी सविस्तर लिहा. दोन-तीनच का, असे तुम्ही विचाराल. पंधरा सूचना मिळालेला माणूस त्यांतल्या सर्वांत सोप्या सूचना अमलात आणतो, आणि सर्वांत सोप्या सूचना बहुधा स्वल्पविरामाच्या असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, मसुद्यात असा परिच्छेद आहे :

‘आजीच्या खोलीत एक जुने शिलाई मशीन होते. त्याकडे पाहिले की मला भूतकाळाची आठवण होते. काळ कोणासाठी थांबत नाही हेच खरे. आजी गेल्यानंतर ते मशीन कोणी उघडले नाही. परवा त्याचा खण ओढला तर आत एक अर्धवट शिवलेली बाही होती.’

यावर एक अभिप्राय असा देता येईल : ‘शेवट चांगला आहे, पण मधली वाक्ये गुळगुळीत झाली आहेत, ती काढून टाक.’ यात खोटे काही नाही. तरीही तो वाचून लेखिकेला कळते ते एवढेच, की कोणाला तरी तिची वाक्ये आवडली नाहीत. आता हेच वाचकाच्या जागेवरून लिहून पाहू :

‘अर्धवट शिवलेल्या बाहीशी मी थांबले. ती कोणाच्या कपड्याची होती, सुई अजून तिच्यात होती का, असे मला विचारावेसे वाटले, आणि मला तुझी आजी पहिल्यांदा दिसली ती तिथेच. त्याआधी ‘काळ कोणासाठी थांबत नाही’ या वाक्याशी मी थोडी दूर गेले होते, कारण ते वाक्य तुझ्या आजीबद्दलच आहे असे मला वाटले नाही, ते कोणाच्याही आजीबद्दल असू शकले असते. बाही तुझ्या मनात आधीपासून होती, की लिहिता लिहिता आठवली?’

या दुसऱ्या अभिप्रायात ‘काढून टाक’ असे कुठेही म्हटलेले नाही, तरी ते वाक्य तिथे काय करते आहे हे लेखिकेला दिसते. कदाचित ती ते काढेल. कदाचित तिला उमगेल की बाही परिच्छेदाच्या आरंभी यायला हवी. किंवा ते वाक्य आजीच्याच तोंडचे असेल आणि ते आजीचे आहे हे सांगायचे राहून गेले असेल. मग ती ते वाक्य ठेवेल आणि ते कोणाचे हे लिहील. या तीन शक्यतांपैकी योग्य कोणती, हे ठरवायला लागणारी माहिती तिच्याजवळ आहे, तुमच्याजवळ नाही.

म्हणूनच तिच्या वाक्यांच्या जागी स्वतःची वाक्ये लिहून देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मी एकदा उत्साहाच्या भरात एका मित्राचा अख्खा परिच्छेद नव्याने लिहून दिला होता. त्याने तो जसाच्या तसा उतरवून घेतला, माझे आभार मानले आणि त्या निबंधाला पुन्हा हात म्हणून लावला नाही. परिच्छेद सुधारला होता, पण तो आता त्याचा राहिला नव्हता, आणि जे आपले नाही त्याच्यावर माणूस मेहनत कशाला घेईल? ही गोष्ट मला आजही लागून राहिली आहे. मदत म्हणून मी त्याच्या हातची लेखणी काढून घेतली होती.

आता दुखावण्याचा प्रश्न. तुमची ही काळजी योग्य आहे आणि तिला संशोधनाचाही आधार आहे. अवराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाविषयीच्या अनेक जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून २३,६६३ निरीक्षणे होती. अभिप्रायामुळे सरासरी कामगिरी सुधारते असे त्यांना दिसले, परंतु एक-तृतीयांशाहून अधिक वेळा ती अभिप्रायानंतर उलट खालावलेली आढळली. त्यांच्या मते अभिप्रायाने माणसाचे लक्ष कामावरून निघून स्वतःकडे वळते, तेव्हा त्याचा उपयोग कमी होतो. हे निंदेलाच लागू आहे असे नाही. कौतुकानेही तेच होऊ शकते. जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाच्या संशोधनाचा आढावा घेताना नोंदवले, की ‘तू हुशार आहेस’ यासारखी व्यक्तीची स्तुती शिकण्याला फारशी उपयोगी पडत नाही, कारण पुढे काय करायचे याची माहिती तिच्यात जवळजवळ नसते.

त्यामुळे वाक्याचा कर्ता कोण आहे, इकडे लक्ष द्या. ‘तू मुद्दा सोडून भरकटतेस’ या वाक्यात कर्ता तुमची मैत्रीण आहे, आणि तिला स्वतःचा बचाव करावाच लागेल. ‘तिसऱ्या परिच्छेदात शाळेचा विषय आला तेव्हा त्याचा आजीशी काय संबंध ते मला कळले नाही’ या वाक्यात कर्ता तुम्ही आहात. यावर तिला वाद घालता येत नाही, कारण तुम्हाला कळले नाही ही घडलेली गोष्ट आहे. फार तर ती म्हणेल, ‘त्याच शाळेत आजी शिवण शिकवायची,’ आणि तुम्ही म्हणाल, ‘मग हे लिहिलेस कुठे?’ असा संवाद झाला, की अर्धे काम झालेच.

स्तुतीचेही असेच आहे. ती करायलाच हवी, आणि कडू गोळीवर गुळाचा लेप म्हणून करायची नाही. आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड, हा साचा आता सर्वांना इतका पाठ झाला आहे, की पहिले गोड वाक्य ऐकताच समोरचा माणूस कडू वाक्याची वाट पाहू लागतो आणि गोड वाक्यावरचा त्याचा विश्वास उडतो. बाहीविषयी जे लिहिले ती स्तुतीच आहे, आणि ती लेखिकेला ठामपणे सांगते की हे तुला जमते, असे आणखी कर. आपल्याला नेमके काय जमले हे बहुतेक लिहिणाऱ्यांना ठाऊक नसते, आणि पुढच्या मसुद्यात ते नेमके तेच खोडून टाकतात. तेव्हा चांगल्या जागेवरही दोषाच्या जागेइतकेच अचूक बोट ठेवा.

शुद्धलेखनाविषयी थोडक्यात. सॉमर्स यांना असेही आढळले, की शिक्षक एकाच मसुद्यात काही वाक्ये बारकाईने दुरुस्त करीत आणि तोच भाग नव्याने विचार करून लिहायलाही सांगत. जो परिच्छेद उद्या राहणारच नाही त्याच्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या? कच्च्या मसुद्यावर अर्थ आणि मांडणी यांविषयीच बोला. मसुदा पक्का होत आला की शुद्धलेखनाकडे वळा, आणि तेव्हाही चुका स्वतः दुरुस्त करून देऊ नका. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात एक खूण करा. रिचर्ड हॅसवेल या प्राध्यापकांनी ही पद्धत वापरून पाहिली आणि १९८३ मध्ये तिच्याविषयी लिहिले. नुसती खूण पाहून विद्यार्थ्यांनी निम्म्याहून अधिक चुका स्वतःच शोधून दुरुस्त केल्या होत्या.

एक गोष्ट अगदी आरंभी करायची ती शेवटी सांगतो आहे. नवा अभिप्राय लिहिण्यापूर्वी मैत्रिणीला विचारा, ‘या मसुद्यात तुला कशाची शंका वाटते?’ तिने शेवटाविषयी शंका सांगितली, तर शेवटाविषयी जरूर लिहा, मग तुमच्या रेघा इतरत्र असल्या तरी. जे तिने स्वतः विचारले, त्याचे उत्तर ती मनापासून ऐकेल. आणि पहिला मोघम अभिप्राय दिल्याबद्दल तिला मोकळेपणाने सांगून टाका, की तेव्हा मी घाबरून लिहिले होते. जवळची मैत्रीण हे समजून घेईल.

प्रश्न : माझे स्वतःचे लेखन सुमार आहे. वर्गातील सर्वांत चांगले लिहिणाऱ्या मुलाचा मसुदा माझ्याकडे आला आहे. मी त्याला काय सांगणार? (एक विद्यार्थी)

उत्तर : तुम्ही त्याला लिहायला शिकवणार नाही आहात. तुम्ही त्याचे वाचक आहात, आणि वाचायला तर तुम्हाला येते. उलट चांगले लिहिणाऱ्यांना खरा अभिप्राय फार क्वचित मिळतो, कारण सगळे तुमच्यासारखेच संकोचून ‘अप्रतिम’ एवढाच शब्द लिहितात. त्याच्या निबंधात एखादे वाक्य तुम्हाला समजले नसेल, तर ते तुमच्या अज्ञानामुळे समजले नाही असे लगेच ठरवू नका. ‘हे वाक्य मी तीनदा वाचले आणि ‘त्याने’ म्हणजे भावाने की वडिलांनी, हे मला ठरवता आले नाही,’ असे लिहायला लेखनकौशल्य लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो.

यात तुमचा स्वतःचा लाभही आहे. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या ९१ विद्यार्थ्यांचे त्यांनी दोन गट केले होते. एका गटाने इतरांच्या निबंधांवर फक्त अभिप्राय देण्याचा सराव केला, तर दुसऱ्याने मिळालेल्या अभिप्रायावरून सुधारणा करण्याचा. सत्राच्या शेवटी अभिप्राय देणाऱ्या गटाच्या स्वतःच्या लेखनात अधिक प्रगती दिसली, आणि ती प्राथमिक पातळीवरच्या विद्यार्थ्यांत विशेष दिसली. याचे कारण मला असे वाटते, की आपल्या मसुद्यात आपल्याला न दिसणारी फट दुसऱ्याच्या मसुद्यात चटकन दिसते, आणि एकदा ती ओळखता आली, की स्वतःच्या कागदावरही नजर तिथेच जाऊ लागते. तेव्हा तो मसुदा परत करू नका.

प्रश्न : सहाध्यायिनीने तिच्या घरातील अतिशय दुःखद प्रसंगावर लिहिले आहे. त्यातील भाषेविषयी बोलणे मला निष्ठुरपणाचे वाटते. (एक वाचक)

उत्तर : आधी माणूस म्हणून बोला, वाचक म्हणून नंतर. ‘हे लिहायला तुला जड गेले असेल, आणि तू ते मला वाचायला दिलेस’ एवढे एक वाक्य पुरे. सांत्वनाचे लांबलचक भाषण करू नका, तिने ते मागितलेले नाही. मग विचारा, की यावर आता अभिप्राय हवा आहे, की कोणीतरी वाचावे एवढेच हवे आहे. दोन्ही इच्छा रास्त आहेत, आणि दुसरी असेल तर तुमचे काम तिथेच संपले.

अभिप्राय हवा असेल, तर निबंधातील ‘मी’ आणि समोर बसलेली तुमची सहाध्यायिनी यांच्यात जाणीवपूर्वक अंतर ठेवून बोला. ‘तू तेव्हा आईशी बोलली का नाहीस?’ हा प्रश्न तिच्या आयुष्याला विचारलेला आहे, आणि तो विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही. ‘निवेदिका दारातूनच परत फिरते, तिथे तिच्या मनात काय चालले आहे ते वाचक म्हणून मला हवेसे वाटले’ हा प्रश्न कागदाला विचारलेला आहे. त्याचे उत्तर तिला द्यायचे नसेल, तर त्या जागी मौन ठेवणे हाही तिचा लेखनविषयक निर्णय ठरतो. आणि तो मजकूर, त्यातला प्रसंग किंवा तुम्ही दोघे जे बोललात ते, तिच्या परवानगीवाचून तिसऱ्या माणसाच्या कानावर जाता कामा नये.

प्रश्न : मित्राने मांडलेले मतच मला मान्य नाही. तर मग त्याच्या निबंधावर न्याय्य अभिप्राय कसा देऊ? (एक वाचक)

उत्तर : अभिप्रायाच्या पहिल्याच ओळीत लिहून टाका, की हे मत मला मान्य नाही, म्हणून माझा अभिप्राय त्या दृष्टीने वाच. त्यानंतर मताशी भांडू नका. त्याचा मुद्दा त्याच्या बाजूने जितका भक्कम करता येईल तितका करायला मदत करा. ‘हे चूक आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘माझ्यासारखा विरोधी मताचा माणूस इथे अमुक आक्षेप घेईल, त्याला तुझ्या निबंधात उत्तर नाही’ असे लिहिलेत, तर त्याला तुमच्या विरोधाचाच उपयोग होईल. समविचारी वाचकाला तो आक्षेप सुचलाही नसता.

प्रश्न : माझ्या लेखावर तिघांनी तीन परस्परविरोधी सूचना केल्या. एक म्हणतो आरंभ कापा, दुसरी म्हणते आरंभ वाढवा, तिसऱ्याला आरंभ शेवटी हवा आहे. कोणाचे ऐकू? (एक वाचक)

उत्तर : तिघांचे उपाय वेगळे आहेत, पण तिघांचेही बोट एकाच जागेवर आहे. तेव्हा उपाय तिन्ही बाजूला ठेवा आणि त्या जागेकडे पाहा. आरंभ वाचताना तिघांनाही काहीतरी खटकले, एवढे नक्की. तिघांना पुन्हा भेटा आणि काय करावे हे विचारू नका. आरंभ वाचताना त्यांना हा लेख कशाविषयी असेल असे वाटले होते, एवढेच विचारा.